युद्धातली बातमी आणि गोदीचा स्फोट : मुलांना काय सांगायचं?



१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. शाळेत तो कसा होतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे वार्षिक परीक्षा तोंडावर. मग १५ किंवा १६ ला परिपाठात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, अग्निशमन यंत्र कसं वापरायचं ते दाखवायचं आणि फलकावर लिहायचं, ‘१४ एप्रिल १९४४, मुंबई गोदीतील स्फोट, ६६ जवान हुतात्मा’. झाला सप्ताह.

यात चूक काहीच नाही. त्या ६६ जणांची आठवण राहायलाच हवी. पण याच घटनेत दुसरा एक धडा दडलेला आहे आणि तो सहसा शिकवला जात नाही. स्फोट झाला, पुढे त्याच्या बातमीचं काय झालं? मे २०२५ मध्ये आपल्या मोबाईलवर जे चाललं होतं ते पाहिल्यानंतर तर मला वाटायला लागलं की आगीइतकंच हेही मुलांना सांगितलं पाहिजे. युद्ध सुरू असताना सरकार काय बोलतं, काय बोलत नाही, परदेशांशी कसं बोलतं आणि वर्तमानपत्रं काय छापतात, हे सगळं कळायला आपल्याच शहरातलं हे उदाहरण फार उपयोगी आहे.

आधी घटना नीट समजून घेऊ.

एस. एस. फोर्ट स्टिकिन नावाचं मालवाहू जहाज. कॅनडात १९४२ साली बांधलेलं, सात हजार टनांवरचं. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघालं. पोटात साधारण १,४०० टन स्फोटकं, पाणसुरुंग, तोफगोळे, पेट्यांत बांधलेली विमानं आणि सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला थोडा माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या आणि वंगणाच्या तेलाची पिंपं चढली. स्फोटकं, कापूस आणि तेल एकाच जहाजात! पाचवीच्या मुलालाही हे ऐकून ‘बाप रे’ म्हणावंसं वाटतं. पण युद्धात जहाजं कमी आणि माल जास्त अशी स्थिती होती, म्हणून ते चाललं.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. जहाजात स्फोटकं असली की लाल बावटा लावायचा अशी पद्धत असते. या जहाजावर तो नव्हता. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, जवळजवळ ९०० टन पाणी आत सोडलं, तरी नेमकी आग कुठे आहे तेच सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने, ४ वाजून ३४ मिनिटांनी, दुसरा. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. जलपद्मा नावाचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर पडलं. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगतात, बेघर झालेले सुमारे ८०,०००. गोदामांतलं हजारो टन धान्य जळालं, आणि तेही मुंबईत रेशनिंग सुरू होऊन जवळपास वर्ष झालेलं असताना. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, ढिगारा उपसायला सुमारे ८,००० माणसांना सात महिने. आग का लागली याचा पक्का उलगडा झाला नाही. कापसाने पेट घेतला, बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटमुळे, असं चौकशीनंतर मानलं गेलं. शत्रूने केलेला घातपात नव्हता.

सिमल्याच्या भूकंपमापकावरसुद्धा या स्फोटाची नोंद झाली. मुंबईपासून सिमला सरळ रेषेत सुमारे १,४०० किलोमीटरांवर. वर्गात नकाशा लावून मुलांना हे अंतर बोटाने मोजायला सांगा. सिमला म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सरकारची उन्हाळ्यातली राजधानी. तिथल्या यंत्राला काही मिनिटांत कळलं. आता माणसांना कधी कळलं ते बघू.

मुंबईकरांपासून तर लपवणं शक्यच नव्हतं. आभाळात धूर होता, रस्त्यावर माणसं पळत होती. जपानने बाँब टाकले असा समज शहरभर पसरला, आणि तसा समज व्हायला कारणही होतं. त्याच दिवसांत इम्फाळ आणि कोहिमाला जपानी सैन्य येऊन भिडलं होतं, सोबत आझाद हिंद फौजही होती. लढाई देशाच्या दारात होती. आपल्या उपनगरातसुद्धा युद्ध होतंच, सांताक्रूझचं विमानतळ तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडे होतं.

पण मुंबईबाहेर? तिथे सेन्सॉर आडवा आला. सेन्सॉर म्हणजे सरकारचा असा अधिकारी, ज्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बातमी, तार, फोटो पुढे जात नाही. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला तसे अधिकार मिळाले होते. गोदीच्या स्फोटाचे सविस्तर वृत्तांत बाहेर पाठवायची परवानगी बातमीदारांना मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकात ही हकीकत आली २२ मेच्या अंकात, म्हणजे पाच आठवडे उलटून गेल्यावर, आणि तरी जगाला ती नवीनच होती. सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने स्फोटाची आणि नंतरची दृश्यं चित्रित केली होती, ती फिल्म लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केली. तिचे काही भाग पुढे बातमीपटात दाखवले गेले.

आणि गंमत बघा. (गंमत शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.) जगाला ही बातमी सविस्तर सांगितली ती १५ एप्रिललाच, दुसऱ्याच दिवशी! सांगितली कोणी? रेडिओ सायगावने. सायगाव म्हणजे व्हिएतनाममधलं आजचं हो चि मिन्ह शहर, आणि ते रेडिओ केंद्र होतं जपानच्या हातात. म्हणजे ज्या शत्रूला कळू नये म्हणून बातमी दाबली, त्याच शत्रूने ती दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली.

मी वर्गात इथे थांबते आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिते : लपवलं कोणापासून?

गोदीतले हजारो कामगार कोकणातून, घाटावरून आलेले. घरचा कर्ता माणूस मुंबईत आणि बाकीचं घर गावी, असा तो काळ. गावात उडत उडत कळणार की मुंबई जळाली, जपान्यांनी टाकली. आपला माणूस आहे की नाही हे सांगणारं छापील, भरवशाचं असं हातात काही नाही. पत्र यायला वेळ, आणि युद्धकाळात पत्रंसुद्धा उघडून वाचली जात. जपानला एका दिवसात कळलं. अंधारात राहिली ती माणसं आपली.

पालकांनी हे घरी सांगताना एक मात्र लक्षात ठेवा. ‘सरकार लपवतं म्हणजे सरकार वाईट’ असं सोपं उत्तर मुलांच्या हातात देऊ नका. युद्धात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. सैन्याची गाडी कुठून कधी सुटणार, जहाज कोणत्या बंदरात लागणार, रडार कुठे बसवलंय, या गोष्टी छापल्या तर माणसं मरतील. मुंबईने हे स्वतः भोगलंय. २६ नोव्हेंबर २००८ ला ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये अतिरेकी घुसले. आपल्या उपनगरात विलेपार्ल्याला द्रुतगती मार्गावर टॅक्सीत स्फोट झाला. तेव्हा वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे नियमच झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

तिथेही आपला तोच प्रश्न विचारा. लपवायचं कोणापासून? टीव्हीसमोर बसलेल्या सूत्रधारापासून. किती वेळ? कारवाई संपेपर्यंत. मग तो नियम मुलांना लगेच पटतो. गोदीच्या बाबतीत हेच दोन प्रश्न विचारले की उत्तरं अडखळतात.

अडखळतात त्याला आणखी एक कारण आहे. १९४४ मध्ये मुंबई प्रांतात लोकांनी निवडून दिलेलं सरकारच नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने इतर काँग्रेस मंत्रिमंडळांसारखाच राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. विधिमंडळात उभं राहून ‘बातमी का दाबली?’ असं विचारणार कोण? आमदार प्रश्न विचारतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, हे आपण नागरिकशास्त्रात शिकवतो ना, ते नसलं की काय होतं त्याचं हे उदाहरण.

छापता येत नसेल तेव्हा

बातमीवर बंदी आली की लोक वाट शोधतात. दोन वाटा मुलांना सांगण्यासारख्या आहेत.

एक तर उषा मेहतांची. आठवीच्या इतिहासात त्यांचं नाव येतं, पण ओळभरच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, गांधीजींचं ‘हरिजन’ बंद पडलं. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत तो चालला. पोलिसांना सापडू नये म्हणून जागा सारखी बदलायची. चिमूर आणि आष्टीला काय घडलं, ते जेव्हा पेपरांत येऊ शकत नव्हतं तेव्हा या रेडिओवरून सांगितलं गेलं. चंद्रपूर आणि वर्धा जिल्ह्यातली बातमी मुंबईच्या एखाद्या खोलीतून देशाला ऐकू यायची! पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला.

दुसरी वाट बंगालमधली, आणि ती मला व्यक्तिशः फार शिकवण्यासारखी वाटते, कारण ती नियमात राहून काढलेली वाट आहे. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. पुढे चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला, नंतरच्या अभ्यासकांचे आकडे त्याहून मोठे आहेत. पण सरकारने ‘दुष्काळ’ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर कायद्याने मदत सुरू करावी लागली असती. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या इंग्रजांच्या मालकीच्या पत्राचे संपादक होते इयान स्टीफन्स. शब्दांवर बंधनं होती, छायाचित्रांबद्दल तसा स्पष्ट मज्जाव नव्हता. २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात त्यांनी फुटपाथवर पडलेल्या भुकेल्या माणसांची छायाचित्रं छापली. ती दिल्लीत, लंडनमध्ये, अमेरिकेत पोचली आणि मग मात्र ‘असं काही नाही’ म्हणणं अवघड झालं. हेही युद्धच, तेच सरकार, तोच सेन्सॉर. भुकेची बातमी कोणापासून लपवली जात होती? जपानला बंगालच्या भुकेचा असा काय पत्ता लागणार होता जो आधी नव्हता? (छायाचित्रं लहान मुलांना दाखवू नका. सहावीच्या पुढे, तेही आधी बोलून.)

आता परराष्ट्र व्यवहाराचं. मुलांना ‘डिप्लोमसी’ हा शब्द कठीण जातो, ‘मुत्सद्देगिरी’ त्याहून कठीण. मी असं सांगते : घरात भांडण झालं आणि दार उघडं असलं, तर तुमचं एक वाक्य तिघं ऐकतात. ज्याच्याशी भांडताय तो, घरातली आपली माणसं आणि शेजारी. देशाचं तसंच. सरकारचा प्रवक्ता बोलतो तेव्हा शत्रू ऐकतो, नागरिक ऐकतात आणि बाकीचं जगही ऐकतं. म्हणून तो शब्द मोजून बोलतो.

आणि कधी कधी शेजाऱ्यांमधलं खासगी पत्र पेपरात येतं, मग धमाल उडते. १९४४ चंच उदाहरण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी विल्यम फिलिप्स यांना आपले प्रतिनिधी म्हणून हिंदुस्थानात पाठवलं होतं. इथली परिस्थिती बघून त्यांनी अध्यक्षांना कळवलं की इथल्या लोकांना हे युद्ध आपलं वाटत नाही, ब्रिटनने स्वातंत्र्याचं खरं आश्वासन द्यायला हवं. अमेरिका आणि ब्रिटन तर मित्रराष्ट्रं, एकाच बाजूने लढणारी. पत्र अर्थात गुप्त होतं. २५ जुलै १९४४ ला ड्रू पिअर्सन या पत्रकाराने ते वॉशिंग्टनमध्ये आपल्या सदरात छापलं. ब्रिटिश सरकार भडकलं, अमेरिकेच्या सिनेटपर्यंत विषय गेला. मुंबईची बातमी दाबली गेली त्याला चार महिनेही झाले नव्हते आणि हिंदुस्थानातल्या लोकांच्या मनात काय आहे ते अमेरिकेच्या पेपरात आलं. हा भाग मी पाचवीला नाही सांगत, आठवीच्या ताईंना सांगितला तर त्यांना आवडला.

आपलं मे महिन्याचं

मे २०२५ मध्ये शाळांना सुट्टी लागलेली होती. तरी पालकांचे व्हॉट्सअॅप गट काही सुट्टीवर नव्हते. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, मुंबईतही भोंगे वाजले. सकाळी पत्रकार परिषदेला तिघं बसले होते : परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग. मुलांना विचारा, लढाईची माहिती द्यायला सैन्याचे अधिकारी बरोबर आहेत, पण परराष्ट्र खात्याचा माणूस मधे कशाला? इथे मघाचं उघड्या दाराचं उदाहरण कामाला येतं. अतिरेक्यांच्या तळांवर मारा केला, पाकिस्तानी लष्कराच्या ठाण्यांना हात लावला नाही, कारवाई मोजून मापून केली, असं सरकारने सांगितलं. यातलं पहिलं वाक्य आपल्यासाठी, दुसरं पाकिस्तानसाठी, तिसरं जगासाठी. अर्थात तिन्ही तिघांनीही ऐकली.

पुढे सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं परदेशांत पाठवली. त्यातल्या एकाच्या प्रमुख बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि दुसऱ्याचे कल्याणचे श्रीकांत शिंदे. एक विरोधी पक्षातल्या, एक सत्ताधारी बाजूचे. इथे एकमेकांवर टीका करणारे बाहेर एकत्र का बोलतात, यावर सातवी-आठवीत छान चर्चा होते.

पण याच दिवसांत बातम्यांचं काय झालं? ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर आपल्या नौदलाने उद्ध्वस्त केल्याचं सांगितलं. तसं काही झालेलं नव्हतं. आपल्याकडे दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार हा निरोप फिरला, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा असल्याचं सांगावं लागलं. आणि ९ मेला नियंत्रण रेषेवर एक तरुण अग्निवीर खरोखर धारातीर्थी पडला, ज्याचं कुटुंब आपल्या घाटकोपरात राहिलेलं. कराचीच्या त्या खोट्या बातमीचा जल्लोष करणारे फोन याच उपनगरांत वाजत होते.

१९४४ मध्ये बातमी कोंडल्यामुळे अफवा पसरली. २०२५ मध्ये बातम्यांचा पूर आला आणि अफवा पसरली. म्हणजे नुसती बातमी मोकळी सोडली की काम झालं असं नाही, हे मोठ्यांनीही ध्यानात घ्यायला हवं.

अजून एक जुळतं. १० मेला लढाई थांबवायचं ठरलं. आपल्या परराष्ट्र सचिवांनी संध्याकाळी ते जाहीर केलं, पण त्याआधीच अमेरिकेच्या अध्यक्षांनी समाजमाध्यमावर लिहून टाकलं होतं. अमेरिका शत्रू नाही, त्यामुळे रेडिओ सायगावशी याची थेट तुलना करू नका. पण आपल्या घरातली बातमी आपल्याला बाहेरच्याच्या तोंडून आधी कळली, एवढं साम्य मुलं स्वतःच दाखवतात. आणि ज्या मिस्रींनी शांतपणे रोज माहिती दिली, त्यांनाच मग समाजमाध्यमांवर लोकांनी इतकं वाईट बोलावं की त्यांना आपलं खातं बंदिस्त करावं लागलं? निरोप्याला कशाला मारायचं?

वर्गात कसं घ्यायचं

पाचवी ते सातवीला दोन तासिका पुरतात. पहिलीत गोदीच्या स्फोटाची गोष्ट, नकाशासकट. मुंबई, सिमला, कोहिमा, सायगाव ही चार ठिकाणं खुणा करून घ्या.

दुसऱ्या तासिकेला चिठ्ठ्या. प्रत्येक गटाला एक. ‘उद्या रात्री अमुक स्टेशनवरून सैन्याची गाडी जाणार’, ‘गोदीत आग, मृतांची नावं’, ‘धान्य संपत आलंय’, ‘आपल्या सैन्याला एका ठिकाणी माघार घ्यावी लागली’, ‘शत्रूचं बंदर उद्ध्वस्त (कोण म्हणालं ते माहीत नाही)’. गट म्हणजे वर्तमानपत्राचं संपादक मंडळ. छापायचं की नाही, आज की नंतर, आणि कोणापासून लपवतोय, ते एका वाक्यात लिहायचं. माघारीच्या चिठ्ठीवर हमखास भांडण होतं. आमच्या वर्गात एका गटाने ‘छापू नये, लोक घाबरतील’ असं लिहिलं. दुसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, “पण बाई, शत्रूला तर माहीतच आहे ना, त्यानेच हरवलंय.” मी काही बोलले नाही. तुम्हीही इथे निकाल देऊ नका, त्यांना भांडू द्या.

मृतांच्या नावांची चिठ्ठी मात्र जपून घ्या. तिथे मुलं बरोबर बोलतात, की आधी घरच्यांना कळू दे, मग छापा. हा विचार आपण शिकवलेला नसतो, तो त्यांच्याकडे असतोच.

घरचा अभ्यास म्हणून आजी-आजोबांना १९७१ च्या युद्धाबद्दल विचारायला सांगा. मुंबईत तेव्हा ब्लॅकआऊट असायचा, खिडक्यांना काळे कागद लावायचे, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवायचे. त्यांना बातम्या कुठून कळायच्या, आकाशवाणी की बीबीसी, आणि कोणावर विश्वास ठेवायचे, एवढे दोनच प्रश्न. जे आजी-आजोबा तेव्हा गावाला होते त्यांची उत्तरं वेगळी येतात, तीही लिहून आणू द्या. पालकांनी शेजारी बसावं, मधे उत्तरं सांगू नयेत.

अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयात हुतात्मा जवानांचं स्मारक आहे. लहान गट नेणार असाल तर आधी पत्र द्या.

आणि तयार राहा, सगळं ऐकून झाल्यावर मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : “सोन्याचं काय झालं?” पेट्या ३१ होत्या. स्फोटात विटा उडाल्या, एक तर दीड-दोन किलोमीटरवर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. बऱ्याचशा नंतर सापडल्या. १९७० च्या दशकात गाळ काढताना एक मिळाली ती ब्रिटिश सरकारला परत केली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत गाळातच आणखी दोन मिळाल्या, प्रत्येकी सुमारे दहा किलोच्या.